परत मिळाल्याची सही

३ नोव्हेंबर

आत्या,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण ते वाचून तू गालातल्या गालात हसशील म्हणून खोडलं. नमस्कार तेवढा घे.

बाबांनी तुला सांगितलं असेल की मी कॉलेज सोडलं, घर सोडलं आणि फोन फोडला. क्रम चुकलाय. आधी फोन फोडला. जिच्यापायी हे सगळं झालं ती गाडीत बसली आणि तिचा निरोप आला की सोडायला येऊ नकोस, मला रडू येईल. मी तेव्हा स्टेशनच्या जिन्यावर होतो. फोन खाली पडला म्हणून सगळ्यांना सांगितलंय, तुला खरं सांगतो, मीच आपटला. नवीन घेणार नाही. तुलाही हल्ली फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा आपलं दोघांचं पत्रांवर बरं जमेल.

कॉलेजचं असं झालं. तिच्या हॉस्टेलच्या खोलीत एक शॅमेलिऑन होता. म्हणजे रंग बदलणारा सरडा, वीतभर अंग आणि तेवढीच गुंडाळलेली शेपटी. रेक्टरबाईंना सापडला. तासाभरात बाहेर टाका म्हणाल्या. मी मध्ये पडलो. तिने मला पडायला सांगितलं नव्हतं, हे तू विचारायच्या आधीच लिहितो. टेबलावर हात आपटला तर वरची काच तडकली. माफीपत्र लिहून द्या म्हणाले. ती गेल्यावर मी जे लिहून दिलं ते माफीपत्र नव्हतं.

आता ती सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला लांब गेली आहे. मेमध्ये येणार. तोवर तो माझ्याकडे. नाव ‘साहेब’, कारण त्याच्याशी बोलताना त्याचा एक डोळा आपल्याकडे असतो आणि दुसरा भलतीकडेच. मी गच्चीवरच्या एका खोलीत राहतो आणि खाली धुलाईच्या दुकानात काम करतो. खोलीत त्याचा जाळीचा पिंजरा माझ्या कमरेएवढा. त्यात फांद्या, एक झाड कुंडीसकट, वर दिवा. तो खोलीचा मालक आणि मी भाडेकरू.

तिने एक कागद लिहून दिलाय. सकाळी सात ते संध्याकाळी पाच दिवा, म्हणजे ऊब. दिव्याखालची फांदी गरम, खालची थंड, त्याचं तो ठरवतो कुठे बसायचं. खायला जिवंत रातकिडे, त्यांना कॅल्शियमची पूड लावून. आणि पाणी भांड्यात नाही. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच पितो. मी सकाळी फवारा मारतो, पण दुपारपर्यंत पानं कोरडी आणि मी खाली कपड्यांत. तीस वर्षं नर्स म्हणून माणसांना पाणी पाजलंस, काहीतरी सुचव.

हा कागद दुकानाच्या पावतीचा आहे. मागची बाजू कोरी असते.

भडकू

११ नोव्हेंबर

चि. भडकू,

तुझी काच, तुझा जिना, सगळं वाचलं. तू लहानपणी दूध सांडलं की ग्लासावर रागवायचास, त्यात काही फरक पडलेला नाही. तुझा बाप इथे येऊन गेला. माझ्याशी बोलताना तुझं नाव एकदाही घेतलं नाही आणि जाताना विचारलं, ‘पत्र आलं का?’ मला ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचे एवढे तरी फायदे हवेत.

डब्यात तीन वस्तू पाठवते आहे. एक, सलाईनची नळी, सीलबंद, निवृत्तीच्या वेळी माझ्या पिशवीत राहिली होती. बाटलीत साधं पाणी भर, पिंजऱ्याच्या वर टांग, नळीचं टोक झाडाच्या वरच्या पानावर सोड. चाकाने धार कमी कर. सेकंदाला एक थेंब. मग तू खुशाल खाली शर्ट दाब. दोन, वॉर्डातलं थर्मामीटर, भिंतीवरचं. हाताला कोमट लागलं म्हणून चालत नाही, आकडा बघ. तीन, माझ्याच कॅल्शियमच्या गोळ्या. मला रोजच्या दोन आहेत, मी एक घेते. कुटून पूड कर.

आणि तक्ता ठेव. वॉर्डात तक्त्याशिवाय पेशंट म्हणजे वाऱ्यावर सोडलेला पेशंट. काय खाल्लं, किती प्यायलं, किती ऊब, आणि वेगळं काय दिसलं. आठवड्याला वजन.

एक विचारू? ती तुला पत्र लिहिते का?

आत्या

२८ नोव्हेंबर

आत्या,

तुझी नळी लावली आणि खुर्ची घेऊन समोर बसलो. पहिला थेंब पानाच्या टोकाला आला, लोंबला. साहेबांचा एक डोळा फिरला, मग दुसरा. मग इतके हळू पुढे आले की मला वाटलं संध्याकाळ होईल. तोंड उघडून पानाला लावलं आणि सात मिनिटं प्याले. मी मोजली. घसा हलताना दिसत होता. आत्या, मला उगाचच भरून आलं.

तक्ता चालू आहे, आजवरची नक्कल सोबत जोडली आहे. दुकानाच्या पावतीलाच रकाने असतात, तेच घेतले, एका पावतीत दोन-तीन दिवस मावतात. ‘शर्ट’च्या रकान्यात रातकिडे, ‘पँट’मध्ये पाणी, ‘चादर’मध्ये तापमान आणि ‘डाग’मध्ये बाकी जे दिसेल ते. कपडे घेताना आम्ही डाग आधीच लिहून ठेवतो, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं तुम्हीच पाडला. सगळ्यात खाली एक ओळ आहे, ‘परत मिळाल्याची सही’. ती कोरी ठेवली आहे. मेमध्ये ती तिथे सही करेल.

परवा दिवसभर वीज नव्हती. खोली गार पडली, साहेब काळेशार होऊन फांदीला चिकटले. फांदीसकट बादलीत घालून खाली नेलं. दुकानातला बॉयलर गॅसवर चालतो, त्यामुळे वीज असो नसो ती भिंत उबदार. हँगरच्या दांड्यावर दोन कोटांच्या मध्ये बसवले. तासाभरात हिरवेगार. मालक म्हणाले, ह्या गिऱ्हाइकाला पुढच्या वेळी कपडे घालून यायला सांग. मालक तसे कमी बोलतात, दिवसातून एवढंच.

वजन वाढतंय, आठवड्याला सात-आठ ग्रॅम. रातकिडे दुप्पट केले. दिवाही दोन बोटं खाली घेतला, थंडी आहे. मेमध्ये तिने बघावं आणि म्हणावं, मलासुद्धा याला एवढं चांगलं ठेवता आलं नव्हतं.

तिचं एक कार्ड आलं, तीन ओळींचं. ती कामात असते.

मीही एक विचारू? आतोबा तुला सोडून का गेले हे आमच्या घरात कुणी सांगत नाही. राहू दे, नाही सांगितलंस तरी चालेल.

भडकू

९ डिसेंबर

चि. भडकू,

तक्ता वाचला. अक्षर डॉक्टरांसारखं झालंय. वजन छान वाढतंय, शाबास. दिवा मात्र फार खाली घेऊ नकोस. वॉर्डात नव्या आया बाळाला शेक देताना अशाच भाजून ठेवायच्या, प्रेमाने.

पोट दोन्ही बाजूंनी फुगल्यासारखं आहे की नुसतं अंग भरलंय? आणि तो नर आहे हे कुणी ठरवलं? मी सगळ्यांना आधी हेच विचारते, सवय.

तीन ओळी म्हणजे कामात असणं नव्हे. पण तुझं तू बघ.

आतोबांचं पुन्हा कधीतरी.

आत्या

१२ जानेवारी

आत्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण चांगलं लिहायचं होतं आणि तसं काही घडलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नर आहे. तिनेच सांगितलंय, आणि तिला या विषयातलं सगळं कळतं.

आठ दिवस साहेबांनी एकाही रातकिड्याकडे बघितलं नाही. मी चिमट्याने तोंडाशी धरला तर मान फिरवतात. अंगावर निळे-पिवळे ठिपके उठलेत, ‘डाग’चा रकाना भरून पावतीच्या कडेला लिहावं लागलं. जे फांदीवरून खाली कधी उतरत नव्हते ते दिवसभर तळाला फिरतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे. जागा शोधल्यासारखे कोपरे ओरखडतात. कुंडीतली माती उकरून ठेवली, झाडाची मुळं उघडी पडली. मी समोर दिसलो की थांबतात, मी वळलो की पुन्हा सुरू.

मला कळतंय त्याला काय झालंय. मालकांनाही सांगितलं, ते नुसते हूं म्हणाले. त्याला जायचंय, आत्या. तिच्याकडे. दोन महिने कळ काढली, आता निघत नाही. मीही रात्रंदिवस असाच फिरत असतो, मला भिंतीला नखं लावता येत नाहीत एवढंच.

नखं झिजू नयेत म्हणून कुंडी बाहेर काढली, नळीचं टोक वरच्या फांदीला बांधलं आणि तळाला जाड प्लास्टिक अंथरलं. माती सगळी झाडून घेतली. दिवा आणखी खाली आणला, चौतीस दाखवतंय. आणि तिचा एक स्कार्फ माझ्याकडे राहिला होता तो फांदीवर टाकला. साहेब त्याच्याजवळ थोडा वेळ थांबले होते, मी पाहिलं.

तिचं पत्र परवा आलं. या वेळी पानभर. प्रशिक्षण आणखी वर्षभर वाढलंय. तिथे माणसं चांगली आहेत. ‘आम्ही’ सहा वेळा लिहिलंय. आम्ही म्हणजे कोण, ते एकदाही नाही.

१७ जानेवारी

हे पत्र पाच दिवस माझ्या खिशातच होतं. तिचं ते पान पुन्हा वाचलं आणि ठरवलं की आता कुणाला काही पाठवायचंच नाही. आज शर्ट धुवायला टाकला तेव्हा मालकांनी खिसा तपासून काढून दिलं. तिकीट लाव म्हणाले. साहेब तसेच आहेत. फिरणं कमी झालंय, डोळे मिटून बसतात. मला वाटतं शांत होतायत.

भडकू

२० जानेवारी

भडकू,

उभ्याने लिहिते आहे. तुझं पत्र आत्ता मिळालं.

तुझा साहेब ही बाई आहे आणि तिचे दिवस भरलेत.

‘जागा शोधल्यासारखे कोपरे ओरखडतात’ वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. तीस वर्षं बायकांना असं फिरताना पाहिलंय. खाणं सुटतं, एका जागी बसवत नाही, कुणी बघितलेलं खपत नाही. ती कुठे निघालेली नाही. तिला अंडी घालायची आहेत आणि त्यासाठी खणायला माती हवी. ती तू काढून घेतलीस.

समोरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. मला ऐकू येत नाही म्हणून कागदावर विचारलं, त्यांनी कागदावर लिहून दिलं. खोल बादली, हातभर ओली वाळू, बोट घातलं तर भोक तसंच राहील इतकी ओली. बादली पिंजऱ्यात ठेव, तिला वर सोड, चारी बाजूंनी चादर लाव आणि बाहेर जा. डोकावू नकोस. दिवा वर घे. पाणी चालू ठेव. ती शांत होत नाहीये, थकतेय.

हे पत्र पोचायला चार दिवस लागतील, म्हणून तुझ्या पावतीवर छापलेल्या नंबरावर फोन केला. कुणी उचलला की नाही ते मला समजणार नव्हतं. मी बोलत राहिले. साहेबांना अंडी घालायची आहेत, वाळू आणा, दिवा वर घ्या, चादर लावा, असं दहा-बारा वेळा म्हटलं आणि ठेवला. पलीकडे कुणी असेल तर बरं.

आत्या

५ फेब्रुवारी

आत्या,

पलीकडे मालक होते.

त्यांना आधी वाटलं कुणीतरी चुकून लावलाय. मग ‘साहेब’ ऐकलं. ते म्हणाले, मी हो बाई, हो बाई म्हणतोय आणि त्या काही थांबत नाहीत, मग मीही ऐकत राहिलो. फोन ठेवला, चालू इस्त्री बंद केली, समोरच्या बांधकामावरून बादलीभर वाळू मागून आणली. ती कपडे भिजवायच्या टबात तीनदा धुतली. बादली घेऊन चार मजले चढून वर आले. दम लागला होता, पण एकच वाक्य म्हणाले.

‘बाळंतीण आहे तुझी, आणि तू तिला शेकतोयस काय?’

चादर आम्ही दुकानातलीच लावली, कुणीतरी टाकून गेलेली, दोन वर्षं न नेलेली. मी स्कार्फ काढून घेतला. दोघं बाहेर जिन्यावर बसलो. दुसऱ्या दिवशीही दुकान उघडलं नाही, पुन्हा जिन्यावर. आतून वाळूचा बारीक आवाज यायचा, मग थांबायचा. थांबला की मी उठायचो आणि मालक माझा शर्ट धरून खाली बसवायचे. त्यांनी सांगितलं की त्यांच्या दोन्ही मुलांच्या वेळी ते खाली इस्त्रीच करत होते. गिऱ्हाइकाचं लग्न होतं. बायकोने अजून ते मनात ठेवलंय, म्हणाले.

दुपारी आवाज बंद झाला तो झालाच. चादर बाजूला केली. तिने सगळं बुजवून वर सपाट करून ठेवलं होतं, जणू काही झालंच नाही. स्वतः बादलीच्या काठावर होती. पोट आत गेलेलं, डोळे आत गेलेले, अंगावर वाळू. एकोणीस अंडी. पांढरी, लांबट, माझ्या नखाएवढी.

मला वाटलं झालं, सुटलो. नळीची धार वाढवली, सेकंदाला दोन थेंब केले. पहिले दोन दिवस ती प्याली. तिसऱ्या दिवशी थेंब तिच्या तोंडावर पडत राहिला आणि ओघळून खाली जात राहिला. मी बोटाने ओठ उघडून आत सोडायचा प्रयत्न केला. एक डोळा माझ्याकडे वळला. दुसरा मिटलेलाच होता.

सत्तावीस तारखेला सकाळी दहा वाजता. दिवा चालू होता, बाहेर ऊन होतं. गेली हे मला लगेच कळलंच नाही, कारण तिने फांदी घट्ट धरलेली होती. काढायला गेलो तर पकड सुटेना. एकेक पाय, एकेक बोट उघडावं लागलं. इतकी ती बोटं कोवळी होती, आणि मला वाटत होतं की ती मला नाही म्हणतेय.

आठ दिवस मला काही लिहिता आलं नाही. खोलीतला आरसा फोडला, मग काचा मीच वेचल्या. तिला झाडाच्या कुंडीत ठेवलं, तिने उकरलेल्या मातीत.

पण अंडी आहेत. एका डब्यात ओल्या वाळूवर मांडली आहेत, एकमेकांना लागणार नाहीत अशी. दिवा त्यांच्यावर लावलाय. अठ्ठावीसच्या वर जाऊ देत नाही, तासातासाला मालकांची परवानगी काढून वर येऊन बघतो. तक्ताही चालू आहे. रातकिड्यांच्या दुकानदाराने सांगितलं, पिल्लं निघायला सहा-सात महिने लागतात. म्हणजे ती परत येईल तेव्हा निघालेली असतील. तिला अजून काही कळवलेलं नाही. तोंडी सांगेन, पिल्लं हातात देऊन.

एकोणीसपैकी दहा तरी जगतील ना? तुझ्या वॉर्डात किती जगायची?

भडकू

१२ फेब्रुवारी

बाळा,

तुझं पत्र घेऊन पुन्हा त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदावर लिहून दिलंय, तो कागद माझ्यासमोर आहे. चार दिवस तुला काय लिहावं ते सुचत नव्हतं. काहीच न लिहिणं सगळ्यात सोपं होतं. तू सात महिने दिवा लावला असतास, मी तक्ते वाचले असते आणि शाबास म्हटलं असतं.

ती एकटीच होती ना? आधी तिच्या हॉस्टेलमध्ये, मग तुझ्याकडे. नर कधी आला नाही. या जातीच्या माद्या नराशिवायही अंडी धरतात, पण ती रिकामी असतात. त्यांतून काही निघत नाही, कितीही ऊब दिली तरी.

अजून एक लिहिलंय त्यांनी, तेही सांगते, नाहीतर उद्या तुला दुसऱ्या कुणाकडून कळेल. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली की अंडी जास्त होतात. हे तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि वजन वाढतंय म्हणून शाबास म्हणणारी मीच. गोळ्याही माझ्याच होत्या. तेव्हा सगळं स्वतःच्या अंगावर ओढून आरसे फोडत बसू नकोस, निम्मं माझ्याकडे दे.

आता आतोबांचं.

मला आठवा महिना होता. मी कामावर जात होते. एका सोमवारी माझ्या लक्षात आलं की बाळ हललेलं नाही. दिवसाला दहा बायकांच्या पोटावर हात ठेवून सांगणारी मी, मला न कळायला काय झालं? कळलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. मंगळवारी कामावर गेले. बुधवारी गेले. आतोबा संध्याकाळी पोटाला कान लावायचे, लाथ मारतोय का गं विचारायचे. मी म्हणायचे, आत्ताच झोपलाय. तीन दिवस. मला वाटत होतं, मी बोलले नाही तोवर ते झालेलं नाही.

गुरुवारी ताप आला तेव्हा सगळं बाहेर पडलं. बाळ गेलं म्हणून ते रागावले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘तीन दिवस मी कुणाशी बोलत होतो?’ वर्षभराने ते घर सोडून गेले. घरात कुणी सांगत नाही, कारण कुणाला माहीत नाही.

म्हणून म्हणते, तिला लिही. पिल्लांची वाट बघू नकोस. ती गेली, अंडी रिकामी आहेत, सगळं लिही. राग येईल तिला, येऊ दे. आणि ते ‘आम्ही’ कोण, हेही सरळ विचार. तुला माहीत आहे ते. तू फक्त बोलत नाहीयेस.

आत्या

२० मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून मी काही फोडलं नाही. फोडायला काही उरलं नव्हतं असं मालक म्हणतात.

खरं सांगायचं तर अंड्यांचं मला आधीच कळलं होतं. तुझं पत्र यायच्या दोन दिवस अगोदर चार अंडी पिवळी पडून चेपली होती. ती मी बाजूला काढली आणि तक्त्यात ‘एकोणीस’ असंच लिहिलं. म्हणजे मीही तुझाच भाचा.

नंतर पंधरा दिवस तरीही दिवा बंद केला नाही. माहीत असून सकाळी सात वाजता लावायचो. एके दिवशी मालक वर आले, डब्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दिव्याच्या बटणापाशी जाऊन उभे राहिले. बटण त्यांनी दाबलं नाही. मी दाबलं.

तिला लिहिलं. सगळं लिहिलं, चौतीस अंशही लिहिले, प्लास्टिकही. स्कार्फ धुऊन, दाबून, घडी करून पाठवला. तिचं उत्तर काल आलं. तिला वाईट वाटलं. रडलेही म्हणते, आणि खरंच रडली असेल. तिने लिहिलंय की विकणाऱ्याने तेव्हाच सांगितलं होतं, मादी असू शकते, पण तिला ‘साहेब’ हेच आवडलं म्हणून तिने मनावर घेतलं नाही, आणि मला सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. हे वाचून मला राग यायला हवा होता. मी वाट बघत बसलो. आला नाही.

‘आम्ही’ म्हणजे ती आणि तिथला एक जण. ती परत येणार नाही. तेव्हा गाडीत बसतानाच तिला तसं वाटत होतं, म्हणून सोडायला येऊ नकोस म्हणाली. पिंजरा तू ठेव, किंवा कुणाला दे, असं शेवटी लिहिलंय.

तुझी नळी धुऊन, उकळून सोबत पाठवतो आहे. थर्मामीटरही. गोळ्या अर्ध्या उरल्यात त्या आता तू खा, रोज दोन.

आणि तक्ता. एकोणचाळीस पावत्या आहेत, एकत्र टाचल्या आहेत. शेवटच्या पावतीवर खालची ओळ कोरी आहे. मला ती तशीच ठेववत नाही आणि फेकवतही नाही. मालक म्हणतात, कपडा हरवला तरी पावती बंद करावी लागते, नाहीतर तो गठ्ठ्यात कायमचा देणं म्हणून दिसत राहतो. वॉर्डात पेशंट गेला की तक्त्यावर शेवटची सही नर्सची असते, असं तू एकदा म्हणाली होतीस.

भडकू

२८ मार्च

चि. भडकू,

एकोणचाळीसही पावत्या वाचल्या. ‘डाग’च्या रकान्यात पाच डिसेंबरला तू लिहिलंयस, ‘आज मला बघून तोंड उघडलं, बहुतेक जांभई’. हे मला पत्रात सांगितलं नव्हतंस.

वरती नाव होतं तिथे ‘साहेब’ खोडलं नाही, तेही तिचंच नाव. पुढे कंसात ‘बाई’ लिहिलं. एकोणीस अंडी लिहिली, तारीख आणि वेळ लिहिली. खाली सही केली.

मग शेवटची पावती उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तिथे माझ्या बाळाचा तक्ता लिहिला. त्याचा कधी कुणी लिहिला नव्हता, कारण तो जन्मलाच नाही असं धरलं गेलं. वजन मला माहीत होतं, मी स्वतः केलं होतं. ‘डाग’ काही नव्हता. ते सगळं लिहिलं, खाली तशीच सहीची ओळ आखली आणि ती मात्र कोरी ठेवली आहे.

गठ्ठा परत पाठवत नाही. तू इथे ये. मालकांना आठ दिवसांची सुट्टी माग, माझा नमस्कार सांग, आणि दिवा घेऊन ये. या खोलीत मला उन्हाळ्यातही थंडी वाजते. आलास की त्या दुसऱ्या ओळीवर सही तू कर.

आत्या